पंचगंगेच्या खोऱ्यातला सेन्सर नोड: बॅटरी कुठे जाते आणि इशारा कुठे अडकतो

आधी प्रश्न थोडक्यात. कोल्हापुरातल्या अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातल्या एका गटाने पूर-इशाऱ्याचा प्रकल्प घेतला आहे. कासारीवर यवलूज, कुंभीवर मांडुकली, भोगावतीवर हळदी आणि पंचगंगेवर शिंगणापूर अशा चार केटी (कोल्हापूर पद्धतीच्या) बंधाऱ्यांवर एकेक नोड, म्हणजे पातळी मोजून कळवणारी पेटी. प्रत्येकात ईएसपी३२ या कंट्रोलर चिपचा तयार बोर्ड, ध्वनीने अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर, कमी विजेत लांब पोहोचणारा लोरा रेडिओ, २६०० एमएएच (मिलिअँप-तास) क्षमतेचे दोन १८६५० लिथियम सेल आणि सेलचं व्होल्टेज ५ व्होल्टपर्यंत चढवणारं बूस्ट मॉड्यूल. नोड दर १५ मिनिटांनी उठतो, पातळी मोजतो, पाठवतो आणि झोपतो. तरी बॅटरी तीन आठवड्यांत संपते. गटातले काही म्हणतात, १५ मिनिटांचा एक तास करू. बाकीचे म्हणतात, मग इशाऱ्याला अर्थ काय राहिला? मार्गदर्शक सरांनी लीच हा सेन्सर नेटवर्कमधली वीज वाचवण्याचा प्रोटोकॉल (नोडनी कसं बोलायचं याचे नियम) वाचायला सांगितला आहे. शेवटचा प्रश्न असा, की गावातला सायरनही बॅटरीवर चालेल का.

बॅटरी वाचवायची की इशारा वेळेवर द्यायचा, हा पेच शोधनिबंधात खरा असतो. तुमच्या नोडवर तो अजून आलेलाच नाही. तुमची बॅटरी मोजण्यात जात नाही, पाठवण्यातही जात नाही, ती झोपेत जाते. हिशेब मांडू.

दोन सेल समांतर, म्हणजे ५२०० एमएएच. २१ दिवसांत संपतात, म्हणजे रोज साधारण २४८ एमएएच, म्हणजे रात्रंदिवस सरासरी १० मिलिअँप. आता नोड जागा असतो तेव्हाचं बघा. दिवसात ९६ वेळा उठतो. प्रत्येक वेळी पाच सेकंद जागा राहतो आणि १०० मिलिअँप घेतो असं सढळ हाताने धरलं, तरी दिवसाचे होतात १३ एमएएच. उरलेले २३५ गेले कुठे?

ते बोर्डवरच्या एएमएस१११७ या तीन पायांच्या रेग्युलेटरने, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागाने, खाल्ले. काम असो वा नसो, त्याला स्वतःलाच सुमारे ५ मिलिअँप लागतात. शेजारी लाल एलईडी दिवसरात्र पेटलेला, त्याचे एक-दोन. हे सगळं ५ व्होल्टच्या बाजूला. बूस्टमधून उलटं मोजत आलात की सेलकडून तेच ९-१० मिलिअँप होऊन निघतात. ईएसपी३२ची चिप डीप स्लीपमध्ये १० मायक्रोअँपच्या आसपास येते हे डेटाशीटमध्ये लिहिलंय ते खरंच आहे, पण ते चिपचं आहे, बोर्डचं नाही. म्हणून १५ मिनिटांचा तास केलात तर १३ चे साडेतीन एमएएच होतील आणि बॅटरी २१ ऐवजी जेमतेम २२ दिवस चालेल. इशारा चौपट उशिरा, बदल्यात एक दिवस. हा सौदा कुणीही करू नये.

तेव्हा पहिलं काम मल्टिमीटर घेऊन बसायचं. यात एक अडचण हमखास येते. मायक्रोअँपच्या रेंजवर मीटर मालिकेत लावला की नोड उठताक्षणी मीटरच्या आतल्या रोधावर व्होल्टेज पडतं, नोड रिसेट होतो, पुन्हा उठतो, पुन्हा रिसेट. मग वाटतं प्रोग्रॅममध्येच घोळ आहे. साधा उपाय म्हणजे मीटरच्या दोन टोकांना समांतर एक खटका लावा. नोड झोपेपर्यंत खटका ऑन ठेवून करंट त्यातून जाऊ द्या, झोपला की खटका ऑफ करा आणि आकडा वाचा. आकडा मिलिअँपमध्ये आला तर पुढचं काही वाचायची गरज नाही, आधी तो खाली आणा.

कसा आणायचा ते पटकन सांगतो. तयार बोर्ड सोडा, नुसतं मॉड्यूल घ्या. वायफाय वापरायचंच नसेल तर ईएसपी३२ही कशाला, एसटीएम३२ एल० मालिकेतला छोटा कंट्रोलर पुरतो. रेग्युलेटर एमसीपी१७०० घ्या, त्याचा स्वतःचा खर्च १.६ मायक्रोअँप. एलईडी उपटून टाका. सेन्सरचा पुरवठा मॉसफेटमधून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक खटक्यातून, द्या आणि मोजायच्या वेळीच चालू करा. बॅटरीचं व्होल्टेज बघायला १०० किलोओहमच्या दोन रोधांचा विभाजक लावला असेल तर तो एकटा १८ मायक्रोअँप घेतो, बाकीच्या सगळ्या नोडइतका. तोही मॉसफेटमागे टाका. एवढं केलंत की झोपेचा खर्च २० मायक्रोअँपच्या आत येतो, दिवसाला अर्धा एमएएच.

आता हाच हिशेब नव्याने करा, म्हणजे पेच कुठे आहे आणि कुठे नाही ते दिसेल. सेन्सर आणि कंट्रोलर मिळून ३० मिलिअँप, अर्धा सेकंद, दर पाच मिनिटांनी. दिवसाला १.२ एमएएच. दर तासाला एक संदेश, तोही लोराच्या सगळ्यात संथ एसएफ१२वर (एसएफचा आकडा जितका मोठा तितका संदेश संथ, पण लांब पोहोचणारा), पूर्ण ताकदीने, १२० मिलिअँप घेऊन. १० बाइटची माहिती आणि लोरावॅनचे, म्हणजे लोरावर चालणाऱ्या नेटवर्कच्या नियमांचे, वरचे १३ बाइट धरले तर हवेतला वेळ १.४८ सेकंद. दिवसाला आणखी १.२ एमएएच. झोप धरून सगळं मिळून तीनच्या आसपास. डी आकाराचा लिथियम थायोनिल क्लोराइड सेल १९,००० एमएएचचा येतो. त्यातले तीस टक्के सोडून द्या, तरी कागदावर बारा वर्षं निघतात. कागदावरचं प्रत्यक्षात उतरत नाही. सेलची स्वतःची गळती असते, दमट हवेत बोर्डवर ओलावा धरला की मायक्रोअँप वाढतात. पाच वर्षं चालला तरी तुमच्या तीन आठवड्यांपुढे पुष्कळ.

आणि एक इशारा पाठवायला लागतात ०.०५ एमएएच. शंभर इशारे, तेही एसएफ१२वर, म्हणजे पाच एमएएच. इशाऱ्यावर काटकसर करायचं कारणच नाही. तीनदा पाठवा, पाचदा पाठवा. काटकसर करायची ती ज्या दिवशी काही घडत नाही त्या दिवसांवर. वर्षातले साडेतीनशे दिवस तसेच असतात.

सौर पॅनेल लावलं की हा सगळा हिशेब करावा लागत नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं. मे महिन्यात ते खरंही असतं. पण पॅनेलची वर्षाची सरासरी आपल्या कामाची नाही. गगनबावड्याकडे जुलैत झड लागली की आठवडा-आठवडा ऊन दिसत नाही आणि दाट ढगात पॅनेल कधी कधी दहाव्या हिश्शावर येतं. नोडची गरज आहे ते दिवस आणि पॅनेल आजारी असतं ते दिवस एकच. म्हणून मोजणाऱ्या नोडला मी पॅनेल लावत नाही, प्रायमरी (पुन्हा चार्ज न होणारा) सेल टाकतो. पॅनेल चोरीला जातं हा भाग वेगळाच.

थायोनिल क्लोराइडचा एक खोडसाळपणा मात्र माहीत हवा. महिनोन्महिने नुसता मायक्रोअँपचा भार असेल तर सेलमध्ये लिथियमवर एक थर धरतो. मग अचानक १२० मिलिअँप मागितले की पहिल्या क्षणी व्होल्टेज कोसळतं आणि कंट्रोलर रिसेट होतो. म्हणजे उन्हाळाभर शहाण्यासारखा झोपलेला नोड नेमका पहिल्या इशाऱ्याला मान टाकतो. प्रयोगशाळेत हे कधीच दिसत नाही, कारण तिथे सेल नवा असतो आणि तुम्ही दर मिनिटाला पाठवत असता. उपाय दोन. सेलला समांतर एक चांगला कमी गळतीचा सुपरकपॅसिटर किंवा याच कामासाठी मिळणारा हायब्रिड कपॅसिटर लावा, म्हणजे झटका तो सोसतो. आणि काही तासांनी एक संदेश पाठवत राहा, थर जाड होत नाही.

आता वेळेचं. ‘वेळेवर’ म्हणजे किती मिनिटांत, हे तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. ते ठरवल्याशिवाय दोन मोजण्यांमधलं अंतर ठरत नाही. पंचगंगा तासाला इंचांनी चढते. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं, तेही काही मिनिटांत गेलं नाही. समजा तासाला चार इंच चढतंय, तर १५ मिनिटांत एक इंच. तुमच्या अल्ट्रासॉनिकची चूकच याहून मोठी असते. शहरातल्या जयंती नाल्यावर हाच नोड लावाल तर गोष्ट वेगळी. ढग फुटल्यासारखा पाऊस झाला की तिथलं पाणी बघता बघता चढतं, तिथे एक मिनिटही लांब वाटेल. नदी आणि ओढा यांना एकच वेळापत्रक लावू नका.

मी वेळापत्रक पातळीवर बांधतो. पाणी पात्रात, खाली, स्थिर असेल तर अर्ध्या तासाला एकदा मोजा आणि सहा तासांनी एकदा कळवा. इशारा पातळीच्या खाली पाच-सहा फुटांवर आलं की मोजणी पाच मिनिटांवर, कळवणं तासावर. इशारा पातळी ओलांडली की दोन मिनिटांवर, आणि कळवणं बदलावर. इथे पातळी म्हणजे त्या त्या ठिकाणची. राजाराम बंधाऱ्याचे ३९ आणि ४३ फूट यवलूजला लावून चालत नाही, तिथला शून्य वेगळा. सतत दोन मिनिटांनी मोजलं तरी मोजण्याचा रोजचा खर्च तीन एमएएचच होतो आणि ते दिवस वर्षात थोडे. जिथे चढण्याचा वेगच महत्त्वाचा, तिथे पातळीबरोबर वेगावरही टप्पा बदला: गेल्या तासात अमुक इंचांहून जास्त चढलं तर पाणी खाली असलं तरी वरच्या टप्प्यात जा.

याच्या जोडीला एक साधा फ्लोट स्विच लावा, आत रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा खटका) आणि चुंबक असलेला. इशारा पातळीच्या उंचीवर बसवा, कंट्रोलरच्या जागं करणाऱ्या पिनला जोडा. उघडा असताना त्याचा खर्च शून्य. नोड गाढ झोपेत असला तरी पाणी तिथे टेकलं की तत्क्षणी उठतो, मोजायची पाळी कधी येते याची वाट बघत नाही. पूर आला की काटक्या, प्लास्टिक, उसाचा पाला सगळं वाहून येतं आणि फ्लोट अडकतो, म्हणून एकट्या फ्लोटवर विसंबायचं नाही. पण खर्च काहीच नसलेला दुसरा साक्षीदार म्हणून त्याला तोड नाही. पर्जन्यमापकही याच जातीचा, बकेट एकदा उलटली की एक टिचकी. तिथे तर मोजायला उठावंच लागत नाही.

राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे हे या विचाराचं घरचं उदाहरण आहे. धरण भरलं की पाण्याच्या दाबाने दरवाजा आपोआप उघडतो आणि एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक विसर्ग भोगावतीत येतो. दरवाजा उघडला ही एक हो-नाहीची घटना आहे. ती कळायला पातळी सारखी मोजत बसायची गरज नाही, एक चुंबकी खटका पुरतो. पाटबंधारे विभागाच्या परवानगीशिवाय धरणाजवळ जाऊ नका, हे सांगायला नको. पण तुमच्या हळदीच्या नोडला वरून ‘दरवाजा उघडला’ एवढं कळलं तर तो स्वतःचा टप्पा आधीच वाढवू शकतो. ज्याला सगळ्यात आधी कळतं त्याने बाकीच्यांना जागं करायचं. सगळ्यांनी सगळा वेळ जागं राहायचं कारण नाही.

टप्पे बांधताना दोन गोष्टी. एक, चढताना आणि उतरताना एकच रेघ ठेवू नका. ३९ला इशारा द्यायचा, पण मागे घ्यायचा तो साडेअडतीसच्या खाली गेल्यावर. नाहीतर लाटेबरोबर इशारा लागतो, जातो, लागतो, जातो. बॅटरी जाते ती जाते, नियंत्रण कक्षातला माणूस तुमचा नंबर म्यूट करतो. दोन, एका मोजणीवर विश्वास नाही. पाच वाचनं घ्या, मधलं धरा. अल्ट्रासॉनिकपुढे कोळी जाळं विणतो, पुलाखालून ओंडका जातो. तापमानाची दुरुस्तीही करा. ध्वनीचा वेग अंशाला सेकंदामागे सुमारे ०.६ मीटरने बदलतो, म्हणजे १० अंशांच्या फरकाने आठ मीटरवर जवळजवळ १४ सेंटिमीटर चूक. रात्री हवा गार झाली की पाणी हलल्यासारखं दिसेल.

आणि कोल्हापूरच्या नद्यांची एक खास गंमत. पावसाळा संपला की बंधाऱ्यांना बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात, पावसाळ्याआधी काढतात. बर्गे घातले की वरच्या अंगाला पाणी झपाट्याने चढतं. तुमचा वेगावरचा इशारा ऑक्टोबरच्या निरभ्र दुपारी बोंबलेल. बर्ग्यांचं वेळापत्रक विचारून घ्या आणि त्या दिवसांत वेगाचा नियम बंद ठेवा.

लीचबद्दल. सरांनी सांगितलंय म्हणजे वाचाच, पण का वापरायचा नाही हे कळण्यासाठी वाचा. २००० सालचा तो प्रोटोकॉल शेकडो नोड एखाद्या मैदानात पसरलेले आहेत, सगळे सारखे आहेत आणि प्रत्येक जण थेट तळ-केंद्रापर्यंत पोहोचू शकतो असं धरून चालतो. मग पाळीपाळीने एकेक जण गटप्रमुख होतो, बाकीच्यांचं ऐकून एकत्र करून पाठवतो. तुमचे चार नोड चार नद्यांवर, एकमेकांपासून मैलोन् मैल. कुणाचा गट आणि कुणाचा प्रमुख? शिवाय गटप्रमुखाला ऐकत बसावं लागतं, आणि ऐकणं हाच रेडिओतला महाग धंदा आहे. तुमच्या एसएक्स१२७६ या लोरा चिपचा रिसीव्हर सतत चालू ठेवलात तर ११ मिलिअँपच्या आसपास जातात, म्हणजे दिवसाला २६४ एमएएच. १९,०००चा तो डी सेल अडीच महिन्यांत आडवा. बोलणं दीड सेकंदाचं असतं, ऐकणं चोवीस तासांचं. सेन्सर नेटवर्कमधल्या वीज वाचवण्याच्या बहुतेक प्रोटोकॉलचा जीव यातच आहे: कमीत कमी वेळ कसं ऐकायचं.

तुमच्या कामाला जवळचा आहे तो २००१चा टीन. त्यात दोन उंबरठे असतात. पहिला ओलांडल्याशिवाय बोलायचंच नाही, आणि ओलांडल्यावरही मागच्या वेळेपेक्षा ठरावीक फरक पडला तरच पुन्हा बोलायचं. मोजत राहायचं, पण बोलायचं मोजकं. वर मी सांगितलेले टप्पे त्याचेच भाऊबंद. त्याचा दोषही जाहीर आहे: उंबरठा कधी ओलांडलाच नाही तर नोडकडून काहीच येत नाही. मग शांतता म्हणजे पाणी खाली आहे, की नोड मेला? म्हणून सहा तासांचा तो एक ‘मी आहे’ संदेश सोडायचा नाही. त्यात पातळी, बॅटरीचं व्होल्टेज आणि किती वेळा रिसेट झाला हा आकडा, एवढं सहा-सात बाइटमध्ये बसतं. माहिती जेसनमध्ये, म्हणजे अक्षरांत लिहिलेल्या साच्यात, पाठवत असाल तर थांबवा. प्रत्येक अवतरणचिन्ह हवेत वेळ खातं. आणि सर्व्हरवर उलटा नियम लावा: १३ तासांत आवाज आला नाही तर तोच एक इशारा.

लोरावॅनचा क्लास ए तुमच्यासाठी बरोबर आहे. त्यात नोडला हवं तेव्हा बोलता येतं. बोलून झालं की एक आणि दोन सेकंदांनी ऐकायच्या दोन छोट्या खिडक्या उघडतात आणि मग झोप. म्हणजे वर जाणारा इशारा झोपेमुळे एक सेकंदही अडत नाही. अडतो तो खाली येणारा संदेश. हा फरक मनात पक्का बसवा, सायरनच्या वेळी लागेल.

इशारा खरा अडकतो तो दुसरीकडे. पहिली जागा एडीआर. ही सोय नोडचा वेग आणि ताकद आपोआप ठरवते. हवा कोरडी आहे, सिग्नल उत्तम आहे, म्हणून नेटवर्क नोडला एसएफ७वर आणून ठेवतं. तिथे तोच संदेश ६२ मिलिसेकंदांत जातो, एसएफ१२च्या चोविसाव्या हिश्शात. बॅटरीला फार छान. मग झड लागते, झाडं आणि ऊस भिजतो, सिग्नल खचतो आणि एसएफ७ पोहोचत नाही. नोडला हे कधी कळतं? ठरावीक सेटिंगमध्ये ६४ संदेशांना खालून काहीच उत्तर आलं नाही की तो विचारणा करतो, आणखी ३२ गेल्यावर एक पायरी चढतो. तासाला एक संदेश असेल तर हे झाले ९६ तास. चार दिवस! सहा तासांना एक असेल तर चोवीस दिवस. तेवढ्यात पूर येऊन ओसरेलही. म्हणून रोजचा ‘मी आहे’ एडीआर सांगेल त्या वेगाने जाऊ दे, पण इशारा पहिल्यांदा त्या वेगाने, पोच आली नाही तर लगेच एसएफ१०, मग एसएफ१२, पूर्ण ताकदीने. हे कोडमध्ये तुम्ही लिहायचं, लायब्ररीवर सोडायचं नाही.

दुसरी जागा गर्दी. तुमचे चारच नोड आहेत, पण उद्या चाळीस झाले की बघा. वर्षभर सगळे आपापल्या वेळी बोलतात, कुणी कुणाच्या अंगावर जात नाही. पूर मात्र सगळ्यांना एकदम उठवतो. लोरावॅनमध्ये बोलण्याआधी कुणी पाळी बघत नाही आणि अशा, वाटेल तेव्हा बोलायच्या शुद्ध अलोहा पद्धतीत वाहिनीचा कमाल उपयोग १८ टक्क्यांच्या आसपासच असतो. त्यात प्रत्येक जण पोच मागायला लागला तर आणखी पंचाईत. गेटवे, म्हणजे नोडचं ऐकून सर्व्हरकडे पोहोचवणारं यंत्र, पोच पाठवत असतो तेव्हा त्याला ऐकू येत नाही. म्हणून पोच फक्त इशाऱ्याला मागा, रोजच्या संदेशाला नाही. पुन्हा पाठवताना मध्ये काही सेकंदांचं यादृच्छिक अंतर सोडा. आणि नोड वरच्या टप्प्यात असला की त्याच्या बाकीच्या बारीकसारीक माहितीला सुट्टी द्या. रेडिओ घेताना बँडही तपासा. आपल्याकडे विनापरवाना वापराला ८६५ मेगाहर्ट्झपासूनचा पट्टा आहे. ऑनलाइन स्वस्तात मिळतं म्हणून ९१५चं मॉड्यूल उचलू नका.

तिसरी जागा गेटवे, आणि इथे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. नोडवर मायक्रोअँप मोजणारी मंडळी गेटवे मात्र भिंतीतल्या सॉकेटला लावून मोकळी होतात. पुरात सुरक्षेसाठी वीज आधी बंद करतात. त्याबरोबर वायफायचा राउटर गेला, काही तासांनी मोबाईल टॉवरची बॅटरी गेली. चारही नोड ठणठणीत ओरडताहेत आणि ऐकणारा मेलेला. गेटवे आणि मोडेम मिळून ५ वॅट धरा, दिवसाला १२० वॅट-तास. घरच्या इन्व्हर्टरला असते तशी १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी निम्मी वापरली तरी सात दिवस निघतात. इथे मात्र पॅनेल लावा, मोठं लावा, जागा आहे. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा. गेटवे जोतिबाच्या डोंगरासारख्या उंचावर बसवता आला तर नदीकाठची बरीच गावं एकट्याच्या टप्प्यात येतील. मांडुकली कुंभीच्या खोऱ्यात डोंगराआड जातं, तिथे बहुधा मधला रिले लागेल. तो रिले बॅटरीवरच्या नोडलाच करू नका, वर सांगितलेलं ऐकण्याचं गणित त्यालाही लागू आहे. रस्त्याकडेच्या एखाद्या उंच इमारतीवर, पॅनेल आणि मोठ्या बॅटरीसह वेगळा ठेवा.

जागेबद्दल आणखी दोन शब्द, कारण तुमची यादी वाचताच मला खटकलं ते हेच. केटी बंधाऱ्यावर नोड? पावसाळ्यात रोजच्या पेपरात पहिली ओळ काय असते: इतके इतके बंधारे पाण्याखाली. तुमचे चारही नोड इशारा पातळी येण्याआधीच नदीत असतील. जवळच्या उंच पुलाच्या कठड्याला बसवा, २०१९च्या खुणेच्या वर. ती खूण कुठे आहे हे काठावरचा कुणीही दाखवेल. दुसरं, सिग्नलची चाचणी तुम्ही बहुधा एप्रिल-मेमध्ये घेतलीत. तेव्हा उसाची तोड झालेली असते, शिवार मोकळं असतं. ऑगस्टमध्ये त्याच जागी डोक्यावर गेलेला ओला ऊस असतो. उन्हाळ्यात जेमतेम पोहोचत असेल तर पावसाळ्यात पोहोचणार नाही असंच धरा आणि अँटेना उसाच्या वर न्या. उंचावरच्या अँटेनाने वाचते तेवढी वीज कुठल्याच प्रोटोकॉलने वाचत नाही. एसएफ१२वरचा नोड एसएफ८वर येतो. अँटेनाच्या जोडावर पाणी शिरू नये म्हणून सेल्फ-बाँडिंग टेप गुंडाळा, केबल पेटीत खालून घ्या आणि बोर्डला कोटिंग मारा.

राहिला सायरन. तो वेगळ्या जातीचा प्राणी आहे. सेन्सरला बोलायचं असतं, सायरनला ऐकायचं. क्लास एवर ठेवलात तर तो स्वतः बोलेल तेव्हाच त्याला काही कळेल. सहा तासांनी बोलणाऱ्या सायरनला सहा तासांनी कळेल. म्हणून तो क्लास सीवर, सतत ऐकणारा. त्यासाठी एसएक्स१२६२ ही लोरा चिप घ्या, त्याचा रिसीव्हर ५ मिलिअँपच्या आत भागवतो. दिवसाला १२० एमएएच. डी सेलला परवडणार नाही, पण भोंगा वाजवायला १२ व्होल्टची बॅटरी लागणारच आहे आणि तिच्यापुढे हे काहीच नाही. त्या बॅटरीला २० वॅटचं पॅनेल, गावातल्या देवळावर किंवा ग्रामपंचायतीच्या गच्चीवर. तर हो, बॅटरीवर चालेल, फक्त नोडच्या बॅटरीवर नाही.

पण वाजवायचा कुणी हे आधी ठरवा. पात्रातलं पाणी वाढलं म्हणून गाव हलवायचं की नाही हा निर्णय तुमच्या कोडचा नाही. इशारा आधी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाला आणि ग्रामपंचायतीने नेमलेल्या दोन-तीन माणसांना जाऊ द्या, एसएमएस आणि फोन कॉल दोन्ही, कारण रात्री दोनला एसएमएसने कुणी उठत नाही. त्यांनी होकार दिल्यावर सर्व्हरने सायरनला आज्ञा सोडायची. सेन्सर ते सर्व्हर तुमचं अंतर काही सेकंदांचं आहे. माणूस उठून फोन उचलेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. मोजणी पाचवरून दोन मिनिटांवर आणण्याआधी ती दहा-पंधरा मिनिटं कशी कमी होतील ते बघा: पहिल्याने पाच मिनिटांत उचलला नाही तर आपोआप दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. हा क्रम जूनच्या आत प्रत्येक गावात एकदा रात्री करून बघा, सायरन न वाजवता, नुसता फोनपर्यंत.